दर पावणेदोन मीटरला एक डाग

"आला बघ! आला, आला, आला!" बापू इतक्या जोरात ओरडला की परक्या माणसाला वाटलं असतं, ह्यांच्याकडे कोणीतरी लाडका पाहुणा आला.

आला होता तो डाग. ज्याच्यापायी गेले तीन आठवडे घरातलं कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, तोच.

एरवी रविवारी यंत्र बंद असतं. आज मुद्दाम चालू केलं होतं. भट्टीतून वितळलेलं ॲल्युमिनियम पन्हळीतून सळसळत येत होतं, नोझलच्या चपट्या तोंडातून दोन फिरत्या रोलच्या फटीत शिरत होतं, आणि पलीकडून, जादू म्हणा नाहीतर काहीही म्हणा, पत्रा होऊन बाहेर पडत होतं. तोही साधा नाही. वरच्या रोलवर कोरलेले हजारो खवले गोठता गोठता त्याच्या पाठीवर उमटत होते. शिवण नाही, जोड नाही. एकीकडून पाणी जावं तसा धातू जातो आणि दुसरीकडून माशाची पाठ बाहेर येते, शंभर मीटर म्हणाल तर शंभर मीटर, मध्ये कुठे न थांबता! हा पत्रा बसच्या पायऱ्यांना लागतो, पाय घसरू नये म्हणून. बापू सत्तावीस वर्षं हे बघत होता आणि त्याला अजून त्याची मजा वाटायची. पण सत्तेचाळीसाव्या वर्षी माणसाने असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात, म्हणून तो त्या नोझललाच सांगायचा.

"कुठाय?" भाऊ टेप घेऊन धावला. भाऊ म्हणजे बापूचा मोठा भाऊ. भट्टी त्याची, गिऱ्हाइकं त्याची, आणि त्याच्या मते शेवटचा शब्दही त्याचाच.

"हा एक. आणि तो तिकडे दुसरा."

पत्र्याच्या गार टोकाशी दोघे वाकले. सगळे खवले एका उंचीचे, आणि मध्येच हा एक उंच, धारदार, बोट फिरवलं तर खरचटेल असा. भाऊने पहिल्या डागावर टेपचं टोक धरलं, दुसऱ्यापाशी गेला, टेप हातभर लांब नेला, मान मागे टाकली आणि जाहीर केलं, "एकशे एकाहत्तर सेंटीमीटर."

"दे इकडे." बापूने टेप हिसकावला. डोळे बारीक केले, टेप उजेडाकडे तिरका केला. "एकशे एकोणऐंशी."

"आठ सेंटीमीटरचा फरक? एकाच टेपवर?"

"मला काय विचारतोस? तू नीट वाच."

"मी नीटच वाचतो. मी मोठा आहे."

"त्याचा टेपशी काय संबंध?"

भिंतीलगतच्या स्टुलावर बसलेला तपासनीस खोकला. बसच्या पायऱ्या बनवणाऱ्या कंपनीने त्याला पाठवलं होतं. जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर तपकिरी फाईल, पायाशी परत आलेली एक पायरी. त्या पायरीवर एका बाईंची चप्पल अडकली होती आणि बाई पडल्या होत्या. फार लागलं नव्हतं, पण कंपनीने शंभर पायऱ्या परत पाठवल्या होत्या.

"घाई नाही," तो नम्रपणे म्हणाला. "फक्त दुपारपर्यंत कारण कळलं तर बरं. मला फाईलमध्ये लिहायचंय."

कारण! कारणांना तोटाच नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी एकाच आठवड्यात तीन गोष्टी घडल्या होत्या. भाऊने धातू दुसरीकडून आणायला सुरुवात केली. बापूने नोझल बदललं. आणि वरचा रोल घासून, नव्याने कोरून परत चढवला गेला. त्यानंतर डाग आला. म्हणजे दोष धातूचा, नाहीतर नोझलचा, नाहीतर रोलचा.

त्यातला रोल पहिल्याच दिवशी सुटला होता. तो सुटला भिंतीमुळे. यंत्राच्या मागच्या भिंतीवर अण्णांनी, म्हणजे ह्या सगळ्यांच्या वडिलांनी, यंत्र उभारलं त्या वर्षी लाल रंगात लिहून ठेवलं होतं: घेर १८८. रोलवर काही खोट असली तर ती प्रत्येक फेऱ्याला एकदा पत्र्यावर उमटणार, म्हणजे दर एकशे अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटरला एकदा. डाग एकाहत्तरला म्हणा की एकोणऐंशीला म्हणा, अठ्ठ्याऐंशीला नव्हता. संपलं. अण्णांच्या आकड्यावर ह्या घरात कुणी बोलत नाही.

मग उरले दोघे भाऊ.

*

भाऊच्या बायकोला सगळे वहिनीच म्हणतात. ती चहाचे कप घेऊन आली तेव्हा तिने एका नजरेत ओळखलं, आज कोण कुठल्या बाजूला आहे. मागच्या महिन्यात बापूभावजी आणि तिचा नवरा एका बाजूला होते आणि तिची नणंद आक्का दुसऱ्या. आज दोघे भाऊ समोरासमोर, आक्का कुठल्याच बाजूला नाही, आणि अण्णा नेहमीसारखे सगळ्यांच्या वर. भट्टीजवळच्या लोखंडी खुर्चीत ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ताठ बसले होते आणि पन्हळीतल्या धातूकडे बघत होते.

"साय जाड येतेय," अण्णा म्हणाले. वितळलेल्या धातूवर धरते तिला ते साय म्हणत.

"हो अण्णा," वहिनी म्हणाली. तिला साय दिसली नाही. धातू दिसला, म्हणजे काहीतरी चकाकतंय एवढं दिसलं. गेली दोन-तीन वर्षं तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. शेजारची मुलगी आठवड्याला दहा सुया ओवून देत असे आणि ही गोष्ट त्या दोघींतच होती. कारण अण्णांचा नियम होता: ह्या घरात चष्मा नाही. काचेतून धातूची साय कळत नाही, आणि ज्याला साय कळत नाही त्याचं ह्या कारखान्यात काम नाही. भट्टीवरच्या माणसासाठी केलेला नियम हळूहळू सगळ्या घराला लागू झाला, आणि मग त्याचा अभिमानच झाला. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांना विचारलं होतं, मुलीची नजर चांगली आहे ना?

"तुम्ही मोजा वहिनी," बापू म्हणाला. "तुम्ही कुणाच्या बाजूच्या नाही."

हे खोटं होतं पण ऐकायला बरं वाटलं. तिने टेप घेतलाच नाही. दोन डागांमध्ये वीत टाकत गेली. "साडेनऊ वीत."

"वीत?" भाऊ म्हणाला. "आपण काय परकर शिवतोय?"

"माझी वीत टेपपेक्षा भरवशाची आहे. टेप तुम्हा दोघांशी वेगवेगळं बोलतो."

तपासनीस हसला आणि लगेच गंभीर झाला. त्याने चष्मा पुसला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पाहुण्याने ह्यात पडू नये असं त्याला वाटलं असावं. चहा घेतला.

वहिनीची नजर मात्र कोपऱ्यातल्या लाकडी पेटीकडे गेली. आठ दिवसांपूर्वी ती आली होती. आत तयार रोल होता. बाहेरून मागवलेला, यंत्राने कोरलेला, प्रत्येक खवला दुसऱ्याची नक्कल. मागच्या महिन्यात भाऊने ठरवलं होतं आणि बापूने मान डोलावली होती: आक्काने हाताने कोरलेल्या रोलमध्ये खोट निघाली तर मागवलेला बसवायचा, आणि तिचं कोरणं कायमचं बंद. त्या दिवशी वहिनीनेही नवऱ्याच्या बाजूने मान डोलावली होती. आता तिला त्या पेटीकडे बघवत नव्हतं आणि का ते तिला नीट कळत नव्हतं. डाग रोलचा नाही ना, मग?

*

आक्का रोलला काजळ घालत होती. खरं काजळ नाही, ज्योतीची काजळी. लांब नळीच्या टोकाशी पिवळी, धुरकट ज्योत असते, ती फिरत्या रोलवरून सावकाश सरकवायची, म्हणजे खवल्यांवर काजळीचा पातळ थर बसतो आणि धातू रोलला चिकटत नाही. जास्त झालं तर पत्रा काळवंडतो, कमी झालं तर फाटतो. हे तिला डोळे मिटून येतं. आणि हेच बरं होतं, कारण हल्ली ती जवळजवळ डोळे मिटूनच करत होती.

आक्का म्हणजे भाऊ आणि बापू दोघांची मोठी बहीण. छप्पन्न वर्षांची. चोवीसाव्या वर्षी एक ट्रंक घेऊन माघारी आली तेव्हा अण्णांनी एका शब्दाने काही विचारलं नाही. छिन्नी हातात दिली आणि रोलसमोर बसवलं. तेव्हापासून वरचा रोल तिचा. दर दोन वर्षांनी खवले झिजतात, मग रोल घासून गुळगुळीत करून आणायचा आणि दोन महिने बसून पुन्हा कोरायचा. तिचं लग्न टिकलं नाही, तिचं स्वतःचं घर झालं नाही, पण शहरभर बसमध्ये चढणारा माणूस तिच्या खवल्यांवर पाय देऊन चढतो, हे ती स्वतःशी म्हणायची तेव्हा तिला फार म्हणजे फारच भारी वाटायचं.

ह्या वेळी कोरताना एक खवला खोल गेला होता. अंगठ्याला कळलं. वाकून बघितलं तर समोर नुसता राखाडी ढग. चालेल, ती स्वतःला म्हणाली. मग डाग आला, आणि तिचं जेवण तुटलं, आणि मग भिंतीने तिला सोडवलं. एकशे अठ्ठ्याऐंशी! त्या दिवशी ती भिंतीजवळून जाताना चक्क हसली होती. म्हणजे तो खवला वेगळा आणि हा डाग वेगळा. कसं ते तिला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची तिला घाईही नव्हती.

तिच्या मागे भावांचा आवाज चढत होता.

"नोझल तिरकं बसवलंयस तू. म्हणून धातू उसळतो."

"उसळला तर कुठेही उसळेल. बरोबर तेवढ्याच अंतरावर कसा उसळेल रे? धातूत तुझ्या त्या नव्या मालातली घाण आहे."

"घाण तरी बरोबर तेवढ्याच अंतरावर कशी येईल?"

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडायला तिसरं कारण लागणार होतं.

"मग वेग," भाऊ म्हणाला. "तू वेगाशी खेळतोस. मला माहितेय. चक्रीचा काटा कुठल्या कुठे गेलाय."

"खेळत नाही. वाढवावा लागतो. दर दोन-तीन वर्षांनी थोडा वाढवला नाही तर तासाला ठरलेले मीटर भरत नाहीत."

"का भरत नाहीत?"

"पट्टा जुना झालाय. घसरत असेल."

"मागच्याच वर्षी नवा टाकलाय पट्टा!"

"मग मला काय माहीत! तेवढेच फेरे होतात आणि पत्रा कमी निघतो, एवढं मला कळतं."

आक्काच्या हातातली ज्योत एका जागी थांबली.

तेवढेच फेरे. पत्रा कमी.

रोलवर एक काळा पट्टा उमटत गेला तरी तिला समजलं नाही. ती हिशोब करत होती, आणि तो हिशोब इतका सोपा होता की शाळेतल्या पोरीला तोंडी यावा. खवले पुसायचे म्हणजे रोल त्यांच्या खोलीइतका घासायचा. घासला की बारीक होतो. घेरात धरा सात मिलिमीटर. बत्तीस वर्षांत सोळा वेळा. सोळा साते एकशे बारा. अकरा सेंटीमीटर.

अठ्ठ्याऐंशीतून अकरा गेले, सत्त्याहत्तर.

भिंतीवरचा रोल केव्हाच संपला होता. समोर फिरत होता तो वेगळाच, बारीक झालेला, आणि त्याला एवढा बारीक करणारी ती स्वतः. सोळा वेळा तिने तो घासायला पाठवला होता आणि एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की भिंतीवरचा आकडाही बदलायला हवा. कुणाच्याच आलं नव्हतं.

म्हणजे डाग तिचा.

तिने चोरून मागे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. अजून कुणाला काही कळलेलं नव्हतं. तिने ज्योत पुढे सरकवली. गप्प बसलं तर? दुपारी तपासनीस जाईल. फाईलमध्ये काहीतरी लिहिलं जाईल. संध्याकाळी ती एकटी येईल, तो एक खवला शोधून बुजवून टाकेल... पण शोधणार कसा? दिसणार कुठे? अंगठ्याने हजारो खवले चाचपत बसणार? आणि तरी, तरी, गप्प बसता येईल.

"साहेब, लिहून घ्या," भाऊचा आवाज आला, अगदी गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज. "दोष नोझल लावण्यातला आहे. उद्यापासून माझा भाऊ नोझलवर नसेल. आम्ही बाहेरचा माणूस आणतोय."

वहिनी म्हणाली, "अहो!" तेवढंच.

जिभेला हाड नसलेला बापू, जो झोपेतसुद्धा भांडतो, तो दोन पावलं मागे सरकला. त्याने नोझलच्या मुठीवरून हात काढला आणि तो हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना. कमरेवर ठेवला, मग खिशात घातला, मग बाहेर काढला.

"भाऊ," आक्का म्हणाली, "डाग माझाय."

*

भाऊला पहिल्यांदा वाटलं, यंत्राच्या आवाजात आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

"काय?"

"रोलचा डाग आहे. माझा. यंत्र थांबव."

"रोलचा कसा असेल? भिंतीवर काय लिहिलंय?"

"भिंतीवर बत्तीस वर्षांपूर्वीचं लिहिलंय. भाऊ, आपण रोल किती वेळा घासला? घासलेली वस्तू तेवढीच राहते का?"

बापूने पन्हळीचं दार पाडलं. धातू थांबला, रोल सुसकारा टाकत मंदावले, आणि कारखान्यात इतकी शांतता झाली की पाण्याच्या नळ्यांची गुळगुळ ऐकू यायला लागली.

"तो आकडा मी मोजलाय," अण्णा खुर्चीतून म्हणाले.

"हो अण्णा. तेव्हा बरोबर होता."

"तेव्हा बरोबर होता म्हणजे? आकडा कधी शिळा होतो का?"

बावन्न वर्षांत भाऊने अण्णांना असं कुणी बोललेलं ऐकलं नव्हतं. तो टेप घेऊन रोलपाशी गेला, फक्त आक्काला खोटं पाडायला, म्हणजे निदान निघाला तरी त्याचसाठी. रोलभोवती टेप गुंडाळला, मान मागे टाकली.

"एकशे... एकशे... ब्याऐंशी आहे बहुतेक."

"बहुतेक?" बापूने टेप ओढला. "सत्तर. नाही, थांब. इथे सावली पडते."

"साडेनऊ वीत आणि दोन बोटं," वहिनी म्हणाली.

"तू गप गं!"

"मी वाचू का?" तपासनीस उभा राहिला. तीन आठवड्यांत ह्या घरातल्या कुणालाही सुचली नव्हती ती गोष्ट त्याने केली: टेपजवळ गेला आणि त्यावर लिहिलेलं वाचलं. "एकशे सत्त्याहत्तर." मग पत्र्याकडे गेला, दोन डागांमधलं अंतर मोजलं. "इथे एकशे पंच्याहत्तर. पावणेदोन मीटर, बरोबर. दोनचा फरक पडतोय."

"तो पडणारच," बापू हळूच म्हणाला. "गार होताना पत्रा तेवढा आकसतो."

म्हणजे जुळलं. सगळं जुळलं, आणि कुणालाच बरं वाटलं नाही. काय गंमत आहे! तीन आठवडे ज्या क्षणासाठी सगळे तडफडत होते तो आला, आणि सगळे एकमेकांकडे असे बघत होते जणू चुकीच्या घरात शिरलेत.

"तीन आठवडे!" बापूला एकदम वाचा फुटली, आणि तो भाऊवर न जाता आक्कावर गेला. "तीन आठवडे मी चोर! मी रोज ते नोझल सोडतोय, बसवतोय, सोडतोय, बसवतोय. तुला माहीत होतं?"

"घेराचं आत्ता कळलं. शप्पथ. तू वेगाचं बोललास तेव्हा."

"आणि खवल्याचं?"

आक्काने नळी खाली ठेवली. "एक खवला खोल गेला होता. अंगठ्याला लागला होता."

"मग बघितला नाहीस?"

"बघितला. दिसला नाही."

"दिसला नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसला नाही, बापू! मला दोन वर्षं जवळचं काही दिसत नाही. मी हाताने कोरते."

अण्णांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. "आपल्या घरात कुणाची नजर..."

"आपल्या घरात कुणालाच दिसत नाही, अण्णा!" आक्का ओरडली. आक्का! जी कधी वाढलेलं पान पुढे सरकवतानासुद्धा आवाज करत नाही. "भाऊ टेप पुढच्या गल्लीत नेऊन वाचतो. बापू आकडे अंदाजाने ठोकतो. वहिनी शेजारणीकडून सुया ओवून आणते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" वहिनी म्हणाली.

"आणि अण्णा, तुम्ही काल वर्तमानपत्र उलटं धरून तासभर वाचलंत."

"ते मी मुद्दाम धरलं होतं," अण्णा म्हणाले.

कुणीतरी हसलं. बहुधा तपासनीस. त्याने लगेच चष्मा काढला आणि पुसायचं सोंग केलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तोच चष्मा आक्कापुढे धरला. "बघा जरा. नंबर जुळेल न जुळेल."

आक्काने चष्मा लावला नाही. आधी भिंगांतून रोलकडे नुसतं डोकावून बघितलं, कुणाच्या घरात खिडकीतून बघावं तसं. मग लावला. वाकली. रोल हाताने सावकाश फिरवत गेली, आणि भाऊने तिचा चेहरा बदलताना बघितला.

"हा तो," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हा पण." मग तिने रोल आणखी थोडा फिरवला. "हे मी केलंय? अरे, ही ओळ सगळीच वाकडी आहे. अकरा खवले खराब आहेत, भाऊ. डाग एकाचाच पडला हे नशीब." तिने चष्मा काढून परत दिला आणि पदराने तोंड पुसलं, गालावर काजळीचा फराटा उठला. "उघड पेटी. बसव तो तयार रोल."

झालं! हेच तर भाऊला हवं होतं. आणि आता ते आक्काच्या तोंडून ऐकल्यावर त्याला ते मुळीच हवं नव्हतं. असं कसं होतं माणसाचं? त्याने बापूकडे बघितलं. मागच्या महिन्यात ह्याच बापूने मान डोलावली होती.

"अजिबात नाही," बापू म्हणाला. "तिने आत्ता खरं सांगितलं म्हणून तिचाच रोल काढायचा? तिच्याशी मी आठवडाभर बोलणार नाही, ते वेगळं. पण रोल काढायचा नाही."

"अरे, बायकांच्या चपला अडकतायत त्यात!" भाऊ म्हणाला, आणि आपण नक्की कुठल्या बाजूने बोलतोय हे त्याचं त्यालाच समजेना.

"मग दोन्ही करा," वहिनी म्हणाली.

"दोन्ही कसं करणार?"

"पेटीतला बसवा, पायऱ्या पाठवा. आक्का तोवर आपला कोरतील. मग दोन्ही पत्रे शेजारी ठेवून बघू."

सगळे अण्णांकडे वळले. अण्णा उठून रोलपाशी आले होते. त्यांनी तळवा खवल्यांवर ठेवला, काजळी हाताला लागली तरी काढला नाही. "आत पाणी फिरतं," ते म्हणाले. "रोलची भिंत पातळ झाली असेल. आणखी एकदाच घासता येईल. त्यानंतर नाही." मग आक्काला म्हणाले, "एकदाच. जमेल का तुला?"

"मला माहीत नाही, अण्णा."

हे उत्तर त्या कारखान्यात बहुधा पहिल्यांदाच दिलं गेलं. अण्णांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणाला कळलं नाही.

तपासनिसाने फाईल उघडली. "कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"घेर," बापू म्हणाला.

"नजर," वहिनी म्हणाली.

भाऊने दोघांकडे बघितलं. "घरगुती," तो म्हणाला. "घरगुती कारण, लिहा. आणि पायऱ्या दहा दिवसांत मिळतील, तेही लिहा."

तपासनीस गेला. भाऊने गिऱ्हाइकाचा आवाज खाली ठेवला आणि उद्याची कामं सांगायला सुरुवात केली, कारण कामं सांगताना त्याला नेहमी जरा सुधरतं. "सकाळी आठला पेटी उघडायची. बापू, नोझल तूच लावायचंस. रोल उचलायला साखळीवर दोन माणसं. आक्का, काजळ..."

"सकाळी मी नाही," आक्का म्हणाली. "मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चाललेय."

ह्या छपराखाली हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. भाऊने अण्णांकडे बघायचं टाळलं.

"एकट्या नका जाऊ," वहिनी म्हणाली. "मी येते सोबतीला." थोडं थांबून, "येतेच आहे तर माझेही तपासून घेईन."

बापू नोझल पुसत होता. त्याने मान वर केली नाही. "मी तिच्याशी बोलत नाहीये," तो म्हणाला. "पण गाडीत जागा असेल तर मीही येईन."

जागा होती. भाऊला पक्कं माहीत होतं, कारण गाडी त्याचीच होती आणि चालवणारही तोच होता. गेली चार वर्षं तो रस्त्यावरच्या पाट्या अंदाजाने ओळखत होता हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. "पेटी दुपारी उघडू," तो घसा साफ करून म्हणाला. "सकाळी मलाही तिकडे जरा काम आहे."

कुणी हसलं नाही. सगळे उगाच यंत्राकडे बघत राहिले. मागे लोखंडी खुर्ची करकरली. अण्णा पुन्हा बसले होते, पाठ ताठ, नजर सरळ समोर, जिकडे गार झालेल्या पन्हळीत बघण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

"पुढच्या सीटवर मी बसणार," अण्णा म्हणाले.